अकलोलीकरीण

मला माझ्या नावाने हाक न मारणारं माणूस आयुष्यात एकच भेटलं, ते म्हणजे आमच्या मॅडम. मी भिवंडीतल्या कोंबडपाड्यात राहतो हे त्यांना पहिल्या दिवशी कळलं आणि त्या दिवसापासून मी 'कोंबडपाडा' झालो. माझ्याबरोबर प्रयोगशाळेत एक मुलगी होती, ती अंजूरहून यायची म्हणून 'अंजूर'. तिचं बरं होतं, ते निदान ऐकायला नाव वाटतं. मॅडम मात्र कॉलेजच्या व्हरांड्याच्या एका टोकाहून "अरे कोंबडपाडा, इकडे ये!" अशी हाक द्यायच्या आणि बी.एस्सी.च्या मुली वळून बघायच्या. मुलींनी माझ्याकडे वळून बघावं अशी माझी त्या वयात फार इच्छा होती, पण ती या कारणाने नव्हे.

त्यांच्या मनात टिंगल नव्हती. त्यांच्या प्रयोगशाळेत सगळ्यालाच गावाचं नाव होतं. कपाटात काचेच्या नळ्या ओळीने उभ्या असत आणि त्यांच्यावर त्यांच्या तिरप्या अक्षरात लिहिलेलं असे: आझमगड, करीमनगर, बालेश्वर, बाडमेर. नळीत त्या त्या गावच्या मातीतली बुरशी. "माणूस असो की बुरशी, कुठल्या हवेत वाढलंय ते आधी कळायला हवं. नाव नंतर," असं त्या म्हणत. माझ्या बाबतीत ते 'नंतर' सहा वर्षांत आलं नाही.

ही बुरशी लोणच्यावर येते ती नव्हे. ही किड्यांना मारते. तिचा बीजाणू किड्याच्या अंगावर पडतो, चिकटतो, रुजतो आणि कातडीला भोक पाडून आत शिरतो. काही दिवसांत किडा मरतो आणि मग त्याच्या अंगावर पांढरा किंवा हिरवा मऊ थर येतो, जणू कोणी मेल्यावर त्याला शाल घातली. विषारी औषधाऐवजी ही बुरशी पिकावर फवारायची, म्हणजे कीड मरते आणि माणसाला काही होत नाही. सगळं छान आहे. अडचण एकच. बुरशीला ऊन सोसत नाही. उन्हातले जे किरण आपल्याला दिसत नाहीत पण आपलं नाक सोलवटून काढतात, ते या बीजाणूंना काही तासांत मारून टाकतात. शेतकरी सकाळी फवारतो, दुपारपर्यंत बुरशी मेलेली आणि किडे जेवायला बसलेले.

म्हणून मॅडमना उन्हाला पुरून उरणारी बुरशी हवी होती. सगळा जन्म त्यांनी तिच्यामागे काढला, आणि माझी पीएच.डी.ची वर्षंही त्यात घातली.

मी त्यांच्याकडे पोचलो तो विज्ञानाच्या प्रेमाने नाही, हे सांगून टाकलेलं बरं. एम.एस्सी. झाल्यावर मी औषध कंपन्यांच्या मुलाखती देत होतो आणि कंपन्या मला देत नव्हत्या. माझे वडील कोर्टात कारकून. त्यांचा आणि मॅडमच्या घरचा जुना परिचय, दोन्ही घरं भिवंडीतली पिढ्यान्‌पिढ्यांची. वडिलांनी मला त्यांच्यापुढे नेऊन उभं केलं. उंच, सडपातळ बाई, सुती साडी आणि साडीखाली पुरुषांचे कॅनव्हासचे बूट. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला.

"झुरळांना घाबरतोस का?"

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी टेबलावरची बरणी उघडून माझ्यासमोर ठेवली. मी खुर्चीवरून उठलो नाही असं मला वाटतं. वडील म्हणतात मी खुर्चीवर उभा होतो.

"घाबरतो," मॅडम वडिलांना म्हणाल्या. "चालेल. घाबरणारा नीट झाकणं लावतो."

किडेमारू बुरशीचा अभ्यास करायला त्यांनी किड्यांना घाबरणारा माणूस घेतला तो असा.

त्यांच्या पर्समध्ये चिमटा, कापूस आणि एक स्टीलची डबी कायम असे. मेलेला किडा दिसला की त्या वाकत. रस्त्यात वाकत, बँकेच्या रांगेत वाकत. एकदा कॉलेजातल्या एका सरांचे वडील वारले. तेराव्याला आम्ही सगळे गेलो. हार घातलेला फोटो, उदबत्ती, रांगेने एकेक जण फुलं वाहून पुढे सरकत होता. मॅडमची पाळी आली आणि त्या फोटोपुढे वाकल्या त्या वाकलेल्याच राहिल्या. पुढे तोंड करून, अगदी नाक काचेला लागेल एवढ्या जवळ. घरच्यांना गहिवरून आलं. सरांची आई शेजारणीला म्हणाली, "यांचा फार आदर होता त्यांना." मला मात्र मागून दिसलं की फोटोच्या काचेवर, वडिलांच्या कानापाशी, एक मेलेली माशी चिकटली होती आणि तिच्याभोवती पांढऱ्या भुकटीचं वर्तुळ होतं. मॅडमनी चिमटा काढला, माशी अलगद उचलली, डबीत ठेवली आणि मग हात जोडले. परतताना रिक्षात मी विचारलं, "मॅडम, हे बरं दिसतं का?"

"त्यांना काय," त्या म्हणाल्या. "माशी त्यांच्यावर होती, ती काढली. त्यांना बरंच वाटलं असेल."

वेगवेगळ्या हवामानातली माती जमवायची तर देशभर हिंडायला हवं. मोठ्या संस्थांमधले लोक हिंडतात, त्यांना गाड्या असतात. मॅडम भिवंडी तालुक्याच्या बाहेर जात नसत. त्यांना त्याची गरज वाटत नसे. "सगळा देश नारपोलीत राहतो," त्या म्हणत. "तो गावाला जातो आणि परत येतो. आपण फक्त पुडी द्यायची."

ते खरं होतं. भिवंडीतल्या नारपोलीत लूमचे म्हणजे यंत्रमागांचे गाळे, आणि त्यांत उत्तर प्रदेशचे, बिहारचे, ओडिशाचे, तेलंगणाचे कारागीर. मॅडम शिफ्ट सुटायच्या वेळेला गाळ्याच्या दारात जाऊन उभ्या राहत. आत यंत्रांचा खडखडाट, बाहेर या बाई कापसाच्या उडत्या धुसात, हातात प्लास्टिकच्या छोट्या पिशव्या. त्यांचं हिंदी शुद्ध भिवंडीचं होतं.

"गाव कब जाने का है?"

"ईद पे जाएँगे, मैडम."

"तो खेत का मिट्टी लाने का. मुठभर. और वो मरा हुआ किडा मिलेगा ना, उसके उपर पांढरा पांढरा बुरशी आया हुआ, वो लाने का. हाथ नहीं लगाने का, पान में उठाने का."

"मैडम, मिट्टी का करोगी क्या?"

"तुम्हारे गाव का धूप देखने का है."

पहिल्या वर्षी ते लोक हसले असणार. पण मी गेलो तोवर गावाहून येणारी माती हा तिथला रिवाज झाला होता. कोणी रुमालात बांधून आणे, कोणी गुटख्याच्या रिकाम्या पाकिटात. बालेश्वरच्या एका कारागिराने मातीबरोबर मॅडमसाठी घरचे तिळाचे लाडूही आणले होते आणि दोन्ही एकाच पिशवीत. लाडू आम्ही खाल्ले. मला काही झालं नाही, पण पुढचा आठवडाभर मी स्वतःच्या कातडीकडे बारकाईने बघत होतो.

माझ्याकडे कशेळी होती. तिथे खाडीजवळ मोठमोठी गोदामं, आणि देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेले ट्रक. मी ड्रायव्हर लोकांना माती आणायला सांगायचं. गेटवरच्या वॉचमनने आधी मला टॅक्सचा माणूस समजून खुर्ची दिली. मग मी माती मागतोय हे कळल्यावर खुर्ची काढून घेतली. शेवटी एक ड्रायव्हर दुसऱ्याला माझ्याबद्दल म्हणाला, "दे दे यार, किसी ने कुछ कर दिया होगा बेचारे पे." मला बंगालपासून कच्छपर्यंतची माती करुणेपोटी मिळाली आहे.

सगळ्यात उंचावरची माती मात्र माझ्या चुलतभावाच्या लग्नातून आली. मॅडमना बोलावणं होतं. त्या आल्या, जेवल्या, आणि आहेराचं पाकीट नवरीच्या हातात दिलं. रात्री पाकिटं उघडली तर त्यांच्या पाकिटात शंभराच्या नोटेबरोबर एक कापसाचं बूच लावलेली निर्जंतुक नळी निघाली. चिठ्ठी होती: 'मनालीला जाताय असं कळलं. शक्य तितक्या उंचावरून. सावलीतली नको.' काकू चिडली. वहिनी मात्र हसली. खिंडीत सगळे बर्फात लोळून फोटो काढत असताना तिने उघड्या उतारावर बसून केसातल्या पिनेने माती उकरली आणि नळी भरली. त्या मातीतून हिरवी बुरशी निघाली. मॅडमनी नळीवर लिहिलं: 'वहिनी'.

"माझ्या नावाची बुरशी?" वहिनीला हे कळल्यावर तिने मला विचारलं. तिला राग आला होता की आनंद झाला होता ते मला आजवर कळलेलं नाही. भाऊ सगळ्यांना सांगत सुटला.

पण मॅडमना वहिनीचं कौतुक नव्हतं. त्यांच्या मते डोंगरावरच्या बुरश्या नाजूक. थंडीत वाढलेल्या, आपल्या उन्हात दोन तास टिकायच्या नाहीत. "पाहुण्या म्हणून ठेवायच्या," त्या म्हणत आणि वहिनीची नळी खरंच फ्रीजच्या गार कोपऱ्यात ठेवत. त्यांचा सगळा जीव 'अकलोली'वर होता. वज्रेश्वरीजवळ अकलोलीला गरम पाण्याची कुंडं आहेत. मॅडम नव्या नव्या नोकरीला लागल्या होत्या तेव्हा एका कुंडाच्या काठावर, मोठ्या झाडाच्या मुळात त्यांना एक मेलेला भुंगा सापडला होता, संपूर्ण हिरवा. खाली वाफाळतं पाणी, हात ठेवता येणार नाही अशी गरम माती, आणि त्यात ही बुरशी मजेत वाढलेली. "जी त्या गरमीत जगते तिला उन्हाचं काय भय!" त्या म्हणत. त्या तिला अकलोलीकरीण म्हणायच्या आणि तिच्याबद्दल बोलताना त्यांचा आवाज जरा वर चढायचा, एखाद्या आईचा पहिल्या आलेल्या मुलीबद्दल बोलताना चढतो तसा.

हे त्या फक्त आम्हाला सांगत नव्हत्या. अकलोलीच्या आसपासच्या गावांत त्या दर हिवाळ्यात जात, भेंडीवरच्या तुडतुड्यांवर अकलोलीकरीण फवारून देत आणि शेतकऱ्यांना सांगत, "ही तुमच्याच मातीतली आहे. हिला ऊन बाधणार नाही." गुण कधी येई, कधी येत नसे. नाही आला की त्या म्हणत, फवारणी नीट झाली नाही. फवारणी बहुतेक वेळा मी केलेली असल्यामुळे सगळ्यांना ते पटे.

माझ्या पीएच.डी.चा विषय हाच ठरला: वेगवेगळ्या हवामानांतल्या बुरश्यांना ऊन किती सोसतं. आमच्याकडे त्या किरणांचा एक दिवा होता. पण कॉलेजच्या मागे लूमचे गाळे. सगळी यंत्रं एकदम सुरू झाली की व्होल्टेज खाली, दिवा मिणमिणता. एकाच प्रयोगात अर्धा वेळ दुपार आणि अर्धा वेळ संध्याकाळ. मॅडमनी काही दिवस दिव्याला दटावून पाहिलं. मग एप्रिलच्या एका सकाळी म्हणाल्या, "कोंबडपाडा, गच्चीवर जा. वर एक फुकटचा दिवा आहे."

पहिला प्रयोग मी एकट्याने केला. काचेच्या बशांमध्ये सगळ्या गावांचे बीजाणू पसरले, गच्चीवर ओळीने मांडले, भर दुपारी ऊन दिलं, खाली आणून अंधारात ठेवले. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकातून बघतो तर सगळेच्या सगळे रुजलेले! आझमगड, बाडमेर, अकलोली, वहिनी, सगळ्या टुणटुणीत. मी धावत मॅडमच्या वर्गात गेलो, त्या शिकवत होत्या, आणि साठ मुलांसमोर जाहीर केलं की आपण जिंकलो, आपल्या सगळ्याच बुरश्यांना ऊन बाधत नाही.

मॅडमनी खडू खाली ठेवला. "बशीची झाकणं काढली होतीस?"

काचेतून ते किरण जात नाहीत, हे त्या वर्गातल्या साठही मुलांना माहीत होतं.

"तू घाबरून झाकणं लावतोस म्हणून तुला घेतला," त्या म्हणाल्या. "चूक माझीच."

मग त्या स्वतः वर आल्या. त्यांनी बर्फाची लादी मागवली, फोडून ट्रेमध्ये पसरली आणि बशा तिच्यावर ठेवल्या, म्हणजे उन्हाने बीजाणू भाजू नयेत, जे काय होईल ते किरणांनीच व्हावं. शेजारी दुसरा संच, बर्फ नाही, पण वर ताडपत्रीची सावली. म्हणजे एकाला ऊन पण गरमी नाही, दुसऱ्याला गरमी पण ऊन नाही. झाकणं उघडी. लूमच्या कापसाची धूस पडू नये म्हणून वर ऊन अडवणार नाही असा खास पातळ कागद ताणलेला. मी उन्हात उभा राहून घड्याळ बघायचं आणि वेळ झाली की बशा झाकायच्या. मॅडम म्हणाल्या, टोपी घाल. मी म्हणालो, गरज नाही, आम्ही भिवंडीचे. अर्ध्या तासाने मला आधी गच्ची निळसर दिसली, मग दिसलीच नाही. शुद्धीवर आलो तेव्हा डोक्यावर प्रयोगाचा बर्फ होता आणि मॅडम अंजूरला सांगत होत्या, "कोंबडपाडा सगळ्यांच्या आधी गेला. त्याच्या बशा कोणी झाकल्या? तू झाकल्यास ना? मग हरकत नाही."

दुसऱ्या दिवशी निकाल आला. परत करा, एवढंच मॅडम म्हणाल्या. परत केला. मग आणखी एकदा केला, टोपी घालून. दर वेळी तेच. ताडपत्रीच्या सावलीतल्या गरमीत अकलोलीकरीण सगळ्यांत पुढे. पण उन्हात ठेवलेल्या बशीत जेमतेम कोणी रुजलेलं. बाडमेरची बऱ्यापैकी टिकली होती. आणि सगळ्यांत जास्त टिकली होती ती फ्रीजच्या गार कोपऱ्यात पाहुणी म्हणून ठेवलेली 'वहिनी'.

मॅडम सूक्ष्मदर्शकावर डोळा ठेवून बराच वेळ बसल्या. मी मागे उभा. मला वाटलं त्या म्हणतील, पुन्हा झाकणं राहिली का बघ.

"मी तेव्हा त्या झाडाखाली बसले होते," त्या म्हणाल्या, डोळा न काढता. "इतकं दाट झाड होतं की भुंगा दिसावा म्हणून मला टॉर्च लावावा लागला. टॉर्च, कोंबडपाडा. भर दुपारी. आणि मी म्हणत राहिले हिला ऊन माहीत आहे. हिला गरमी माहीत आहे. ऊन हिने जन्मात पाहिलेलं नाही. आणि डोंगरावर हवा विरळ. थंडी असते, पण ऊन नागडं असतं तिथलं. हे पुस्तकात आहे. मी शिकवते हे."

मी म्हणालो, "चहा आणू?"

"आण," त्या म्हणाल्या.

अडचण अशी होती की तोवर वेळ गेली होती. आमच्या संस्थेच्या अध्यक्षांनी अकलोलीच्या बाजूला मोठा शेतकरी मेळावा ठरवला होता. एका औषध कंपनीचा माणूस येणार होता, बुरशी आवडली तर कंपनी ती बनवणार, कॉलेजला नवी प्रयोगशाळा बांधून देणार. देवळासमोरच्या मांडवात फलक लागला होता: 'अकलोलीचे वरदान: सूर्यावर मात करणारी बुरशी'. मॅडम त्याच वर्षी निवृत्त होणार होत्या, त्यामुळे त्यांचा सत्कारही त्यातच उरकायचा होता. आणि माझं भाषण होतं. ते मी पाठ केलं होतं. त्यात 'आपल्या मातीची लेक' हा शब्दप्रयोग होता आणि तिथे आवाज कापरा करायचा असं मी ठरवलं होतं.

जीपमध्ये मी विचारलं, "मॅडम, आज काय बोलायचं?"

"जे झालंय ते."

"नाही म्हणजे, अजून कुठे छापून आलेलं नाही. थोडे दिवस..."

त्यांनी माझ्याकडे बघितलं फक्त. मी खिडकीतून बाहेर वज्रेश्वरीचा डोंगर बघू लागलो. तो पूर्वी इतका सुंदर मला कधी वाटला नव्हता.

अध्यक्षांचं भाषण झालं. मॅडमना शाल घालायला ते उभे राहिले तर मॅडम माइकजवळ गेल्या. शाल अध्यक्षांच्या हातातच राहिली.

"मी इथे दरवर्षी येते," त्या म्हणाल्या. "दरवर्षी सांगते की तुमच्या मातीतली बुरशी उन्हाला दाद देत नाही. ते चुकीचं आहे. आम्ही तपासून पाहिलं, पुन्हा पुन्हा पाहिलं. ती उन्हात मरते. मागे तुमच्या ज्या फवारण्या वाया गेल्या, त्या माझ्यामुळे गेल्या. हा मुलगा बिनकामी आहे, पण त्यात त्याचा दोष नव्हता."

माझी इतकी बाजू त्यांनी त्याआधी कधी घेतली नव्हती.

पुढच्या रांगेत बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईने विचारलं, "म्हंजे आमची माती नापास झाली, मॅडम?"

"माती नाही हो, मावशी. मी नापास झाले. तुमची बुरशी गरमीत सगळ्यांत पहिली आली. मी गरमी आणि ऊन एकच धरून चालले."

"मंग आता ती मारायचीच न्हाय?"

"मारायची. पण सकाळी नाही. सूर्य कलल्यावर मारायची, पानाच्या खालच्या बाजूने. रात्रभरात ती किड्याच्या आत शिरायला लागते. एकदा आत शिरली की ऊन तिचं काही करू शकत नाही."

म्हातारीने बोटांवर काहीतरी मोजलं. मग मोठ्याने म्हणाली, "आणि आमाला इतकी वर्सं सकालच्याला उनात उभं केलंत!"

सगळा मांडव हसला. मॅडमही हसल्या. अध्यक्ष हसले नाहीत. कंपनीचा माणूस पाणी प्यायच्या निमित्ताने उठला तो पुन्हा खुर्चीवर दिसला नाही. सूत्रसंचालकाच्या हातात कार्यक्रमपत्रिका होती, त्यामुळे त्याने पुढचं नाव वाचलं: 'सूर्यावर मात' या विषयावर मी. मी माइकपाशी गेलो. तोंड उघडलं तर पाठ केलेलं सगळं आपोआप घशापर्यंत आलं. मी ते गिळलं आणि म्हणालो, "मॅडम म्हणाल्या तेच." आणि खाली बसलो. एवढ्या टाळ्या मला पुढे पीएच.डी. मिळाली तेव्हाही पडल्या नाहीत.

नवी प्रयोगशाळा झाली नाही. सत्कार झाला नाही. माझ्या प्रबंधाचं नाव बदललं आणि तो आणखी लांबला. अकलोलीकडे काही जण तिन्हीसांजेला फवारतात, त्यांची भेंडी बरी येते असं ते म्हणतात. काहींनी बुरशीचा नाद सोडला. मी आता कशेळीला मसाल्याच्या गोदामात गुणवत्ता तपासणीला आहे. मसाल्यात बुरशी नाही ना, हे बघण्याचा मला पगार मिळतो. तोच वॉचमन मला आता सलाम करतो, जरासा साशंक होऊनच.

मॅडम निवृत्त झाल्यावर मी त्यांच्या घरी पहिल्यांदा गेलो. इतकी वर्षं त्यांनी कोणाला घरी बोलावलं नव्हतं, आम्हाला वाटे बाई चिक्कू आहेत. आतल्या खोलीत त्यांचा मोठा भाऊ पलंगावर होता. तरुणपणी अपघातात कमरेखालचं अंग गेलेलं. दिवसा एक बाई येई, पण रात्री त्याला कूस बदलून द्यायला बहिणीशिवाय कोणी चालत नसे. त्याने माझ्याकडे बघून विचारलं, "हाच का तो? गच्चीवर पडला तो?" आणि मनापासून हसला. त्याला सगळ्या नळ्या माहीत होत्या. बाडमेर कुठे आहे, करीमनगरला पाऊस किती, सगळं. दोघं बहीणभाऊ रात्री नकाशा उघडून बसत. मला तेव्हा कळलं की मॅडमनी भिवंडीबाहेर एकही रात्र काढलेली नाही. मी त्यावर काही बोलणार होतो, पण त्यांनी मला चहाची कपबशी धुवायला पाठवलं.

गेल्या हिवाळ्यात भाऊ गेला. दिवस झाल्यावर मी भेटायला गेलो तर मॅडम रिकाम्या पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. मांडीवरच्या नकाशाची त्यांनी घडी घातली. मग म्हणाल्या, "बायकांची एक सहल जातेय. स्पितीला. इतक्या उंचावर या वयात झेपेल का?"

मी डॉक्टर असल्यासारखा म्हणालो, "झेपेल." डॉक्टर मी आहेच, पण बुरशीचा.

जूनमध्ये मी गोदामात हळदीचे नमुने बघत होतो तेव्हा फोन आला. वाऱ्याचा एवढा आवाज की आधी कोण ते कळेना.

"नाक सोललंय माझं!" मॅडम ओरडत होत्या. "गालही! हॉटेलवाला म्हणाला टोपी घाला, मी म्हटलं गरज नाही. आरशात बघून घाबरले मी. अरे, हवा इतकी गार आहे की दोन स्वेटर घातलेत, आणि वरून ऊन असं चावतंय! ऐकतोयस ना?"

"ऐकतोय, मॅडम."

"एवढी वर्षं शिकवलं रे मी हे. पण हे असं असतं, हे..." वारा तेवढा ऐकू येत राहिला. मागे कोणी बायका हाका मारत होत्या. गावाच्या नावाने नाही, कसल्याही पदवीने नाही, त्यांच्या पहिल्या नावाने. ते नाव मी तोवर फक्त दारावरच्या पाटीवर वाचलं होतं.

"बरं, ठेवते," त्या म्हणाल्या. "त्या सगळ्या चहाला थांबल्यात माझ्यासाठी."